ठरावात न आलेलं गवत

घराच्या नमुना आठच्या उताऱ्यासाठी ग्रामपंचायतीत गेले होते. फाल्गुनातली दुपार, डोक्यावर पंखा नुसताच फिरत होता आणि ग्रामपंचायत अधिकारी टेबलाच्या खणात शिक्का शोधत होते. (ग्रामसेवक म्हणायची सवय अजून सुटत नाही. 2024 साली पदाचं नाव बदललं, डोक्यावरची गावं मात्र तेवढीच राहिली.) मागचं लोखंडी कपाट सताड उघडं होतं. जन्म-मृत्यूच्या रजिस्टरांशेजारी हिरव्या पुठ्ठ्याची एक जाड वही दिसली, वर ‘लोकजैवविविधता नोंदवही’ आणि त्याखाली आमच्या गावाचं नाव. बघू का म्हटलं, तर त्यांनी लगेच काढून दिली. उभ्याउभ्याच चाळायला लागले. झाडांच्या यादीत ऐन, किंजळ, हिरडा. प्राण्यांच्या यादीत शेकरू. बालाघाटाच्या पायथ्याचं आमचं गाव, मुरमाड माळ आणि बोरी-बाभळींचं. शेकरू बघायचं तर माणसाला सह्याद्री गाठावा लागतो. खिडकीबाहेर हिवराचं झाड उभं होतं, त्याच्या सावलीत शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या, आणि वहीत हिवर कुठंच नव्हता. बोर नव्हती, पवन्या गवत नव्हतं, तित्तर नव्हता. मग ते पान आलं. ‘स्थानिक वनस्पती व औषधोपचारांची माहिती असलेल्या जाणकार व्यक्ती’. खाली आखलेल्या रकान्यांत नावं नाहीत, गावं नाहीत, एकच शब्द टाइप केलेला: निरंक.

नानी त्या वेळी बाहेर पारावर माझी वाट बघत बसली होती.

नानी म्हणजे माझी धाकटी चुलती. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, पण पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात बांधावर काय उगवतं, त्यातलं काय खायचं आणि काय नुसतं ढोरांपुढं टाकायचं, हे तिला विचारायला अजूनही गावातल्या सुना येतात. चिघळ, पाथरी, कुंजीर, तरोटा, करटुली. वाघाट्याची वेल नेमकी कोणत्या घळीत आहे हे तिला ठाऊक असतं, कारण आषाढी द्वादशीला ती भाजी लागतेच. शेळीचं पोट फुगलं, म्हशीच्या सडाला चीर गेली, लेकराच्या अंगावर पित्त उठलं, की माणूस आधी नानीच्या दारात येतो आणि मग तालुक्याच्या दवाखान्यात जातो. अशी बाई पारावर बसलेली, आणि सरकारी वहीत गावाचं ज्ञान शून्य. मी काही बोलले नाही. अधिकाऱ्यांच्याच ते लक्षात आलं. म्हणाले, “ताई, हे माझ्या आधीचं आहे. तेव्हा मुदतीची फार घाई झाली होती.” माणूस सरळ आहे, तीन गावांचा कारभार एकटा ओढतो, त्याच्यावर चिडून काही होण्यासारखं नव्हतं. आणि घाईची गोष्ट खोटी नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि गावकऱ्यांना विचारून अशी नोंदवही करायची, असं ठरलं. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही. मग हरित न्यायाधिकरणानं 31 जानेवारी 2020 ही शेवटची तारीख दिली, नाहीतर राज्याला महिन्याला 10 लाखांचा भुर्दंड. देशभर धावपळ उडाली, हजारो वह्या काही महिन्यांत तयार झाल्या. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या मनात काय होतं ते नीट वाचलं की जीव हळहळतो. गावानं आपलं रान आपल्या तोंडानं सांगायचं, आपल्या हातानं लिहायचं आणि त्याच्या आधारे ते सांभाळायचं, इतकी ती साधी गोष्ट. आमच्या वहीत गावच नव्हतं.

त्या रात्री झोप लागेना. वहीत चुका आहेत याचं दुःख वेगळं. मला टोचत होतं ते दुसरंच. जे गावात नाही असं लिहून ठेवलंय, ते गेलं काय आणि राहिलं काय, कुणाला कळणार? शेकरू आमच्या वहीत कायमचं सुरक्षित आहे. पवन्याचं गवत नाहीसं झालं तर कागदोपत्री काहीच बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानीला घेऊन गायरानात गेले. उन्हं चढायच्या आत जायचं म्हणून ती पदर खोचून पुढं, मी मागं. फाल्गुनात माळ पिवळाधमक असतो, पायाखाली सगळं करकरतं. पाच-पन्नास पावलांवर ती खाली बसली आणि वाळल्या बुडख्यातली एक काडी उपटून माझ्या हातात दिली. “हे मारवेल. पेराला हात लाव.” पेरावर पांढऱ्या बारीक केसांचं कडं होतं, बोटाला लोकरीसारखं लागत होतं. “गाय आधी हे शोधती. हे आसल तर दुसऱ्याला तोंड लावीत न्हाई.” पुढं माळाच्या उघड्या अंगाला नुसती कुसळी. तिचं एक कुसळ नानीनं तळहातावर ठेवलं आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. वाळून पीळ बसलेली ती तपकिरी शेपटी थोडा वेळ तशीच राहिली, मग हलली आणि सावकाश उलटी फिरायला लागली, टोकाचं बी कातडीवर टोचत. पाऊस पडला की कुसळ असंच स्वतःला जमिनीत पुरून घेतं. मेंढराच्या लोकरीतही घुसतं, कातडीत रुततं, म्हणून फुलोऱ्यावर आल्यावर मेंढरू तिला तोंड लावत नाही. चांगलं गवत चरून चरून संपतं तिथं कुसळी पसरते, आणि कुसळीही टिकेनाशी झाली की निव्वळ मुरूम उरतो. गवताचे जाणकार हाच क्रम सांगतात: पवन्या-मारवेल, मग कुसळी, मग उघडी जमीन. नानीनं तो पुस्तकात वाचलेला नाही. तिनं तो तिच्या हयातीत आमच्याच गायरानात घडताना पाहिलाय.

माझ्या लहानपणचं गायरान मला आठवतं ते वासानं. पहिल्या पावसानंतरचा मुरमाचा वास, नंतर भाद्रपदात ओल्या गवताचा, आणि दिवाळीच्या सुमाराला कापून टाकलेल्या गवताच्या पेंढ्यांचा, किंचित गोड, घशात बसणारा. गवत आमच्या कमरेला लागायचं. मध्येच पायाखालून तित्तर भर्रकन उडायचे आणि छातीत धस्स व्हायचं. उन्हाळ्याच्या पहाटे माळाच्या टोकाला काळविटांचा कळप उभा असायचा, लांडगा दिसल्याची बातमी वाड्यावरच्या धनगरमामांकडून यायची. आणि एक नियम होता, कुठंच न लिहिलेला: पोळा होईपर्यंत वरच्या अंगाला ढोरं न्यायची नाहीत. गवताला बी धरू द्यायचं. नियम मोडला तर पाटलाच्या वाड्यावर बोलावणं यायचं. हे आठवताना मन भरून येतं, आणि त्याच वेळी हेही आठवतं की तो नियम सगळ्यांना सारखा नव्हता. खालच्या आळीतल्या बायांना गवताचा भारा न्यायला परवानगी मागावी लागायची आणि ती मिळेलच असं नव्हतं. वाड्यावरची ढोरं मात्र श्रावणातही वर दिसायची. त्यामुळे जुनं ते सगळं छान होतं, असं मला म्हणता येत नाही. रान राखलं जात होतं हे खरं, आणि ते कुणाच्या जिवावर राखलं जात होतं हेही खरं.

तो धाक गेला ते बरंच झालं. त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. ढोरं कमी झाली, शेळ्या वाढल्या, वेड्या बाभळीनं ओढ्याचा काठ गिळला, गाजरगवत आलं. आणि दर पावसाळ्यात खड्डे आले.

खड्ड्यांबद्दल बोलताना मला जपून बोलायचंय, कारण त्यामागची तळमळ मी पाहिलीय. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते ज्यांनी भोगलं त्या माणसांना झाडं लावावीशी वाटली यात चूक काय? मराठवाड्यात जंगल आधीच नावापुरतं, लातूर जिल्ह्यात तर एक टक्कासुद्धा नाही. राज्यानं त्याच वर्षी 2 कोटी झाडांपासून सुरुवात केली, पुढच्या वर्षी 4, मग 13, आणि 2019 ला 33 कोटी. प्रत्येक ग्रामपंचायतीला वाटा ठरवून दिला. आमच्या गायरानातही पोकलेन आला, समतल चर खोदले, दीड-दीड फुटाचे खड्डे रांगेनं पाडले. रोपवाटिकेत असतील ती रोपं आली: ग्लिरिसिडिया, गुलमोहर, करंज, थोडे लिंब. पंधरा ऑगस्टला शाळेची पोरं, शिक्षक, सरपंच, सगळे चिखल तुडवत गेले. त्या दिवशीचा उत्साह मनापासूनचा होता. पण तो माळ वीतभर मातीचा. त्या वीतभर मातीला धरून ठेवणारी गवताची जुनी मुळं पोकलेननं उलटीपालटी केली, खालचा मुरूम वर आला. पुढच्या उन्हाळ्यात पाणी घालायला कुणी नव्हतं. रोपं वाळली ती वाळलीच, आणि खड्ड्यांभोवती जिथं मारवेल होतं तिथं पुढं गाजरगवत माजलं. दोन-तीन पावसाळ्यांनी त्याच ओळीत पुन्हा खड्डे घेतले गेले. मोजणारा खड्डे मोजतो, कारण त्याला तेवढंच विचारलेलं असतं.

पंचायतीच्या हातात काहीच नाही, असं मुळीच नाही. 73 व्या घटनादुरुस्तीनं अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे जे 29 विषय घातले, त्यात जमीनसुधारणा आहे, मृदसंधारण आहे, पाणलोट आहे, सामाजिक वनीकरण आहे, वैरण आहे. होय, ‘इंधन आणि वैरण’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतही नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचं रक्षण आहे. 2 ऑक्टोबर 2020 पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झालं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांवर ग्रामपंचायती, नगरपालिका, महापालिका गुण मिळवतात, बक्षिसं मिळवतात, शपथ घेतात. मला ती शपथ आवडते. ओळीनं उभं राहून माणसं पृथ्वीचं नाव घेतात, यात काही मोलाचं आहे असं मला वाटतं. त्या शपथेनंतर शाळेतल्या पोरांनी गावात प्लास्टिक वेचलं, ते मी पाहिलंय. फक्त त्या शपथेत आमचं गायरान नावानिशी यायला हवं होतं. कोणता गट, किती एकर, कोण राखणार, किती वर्षं, तीन वर्षांनी तिथं काय दिसलं म्हणजे शपथ पाळली असं म्हणायचं.

मी संभाजीनगरला राहते. तिथं खाम नदीचं काम सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा माझा विश्वास बसेना. खाम म्हणजे शहराचा नाला, इतकंच आम्हा सगळ्यांना माहीत. पाणचक्कीला येणारे पाहुणे नाकाला रुमाल लावून पुलावरून जायचे. महापालिका, छावणी परिषद, स्वयंसेवी संस्था आणि उद्योग असे एकत्र येऊन त्यांनी आधी कचरा काढला, सांडपाणी अडवलं, काठ मोकळे केले, इथलीच झाडं लावली. त्या कामाचं देशाबाहेरही नाव झालं. नदी स्वच्छ झाली असं मी म्हणणार नाही, अजून पुष्कळ बाकी आहे. पण लोखंडी पुलाच्या अंगाला संध्याकाळी माणसं फिरायला येतात, लेकरं काठावर खेळतात, हे मी रोज बघते. त्या कामातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे सातत्य. उद्घाटन होऊन गेलं तरी माणसं येत राहिली. आठवड्याच्या आठवड्याला कचरा निघत राहिला.

मध्यंतरी इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांविषयी वाचलं. तिथं 2021 च्या पर्यावरण कायद्यानं सगळ्या देशाचे 48 भाग पाडले आणि प्रत्येक भागातल्या एका संस्थेवर, बहुतेक ठिकाणी जिल्ह्यासारख्या परिषदेवर, निसर्ग कुठं आणि कसा परत आणायचा याचा नकाशा करायची जबाबदारी टाकली. शिवाय 2024 च्या फेब्रुवारीपासून मोठं बांधकाम करणाऱ्यानं तिथला अधिवास आधीपेक्षा किमान 10 टक्के सुधारून द्यायचा आणि तो 30 वर्षं राखायचा, असं बंधन आलं. तिथलं पाणी वेगळं, माती वेगळी, पैसाही वेगळा. त्यांच्याही परिषदांकडं माणसं अपुरी पडतात, अशा तक्रारी तिथं आहेतच. मी त्यातून एकच आकडा उचलला. 30 वर्षं. आमच्या पंचायतीची मुदत पाच वर्षांची, रोपाच्या निगराणीची फार तर तीन, आणि फोटोची एक दिवसाची. कित्येक परिषदा रस्त्याकडेचं गवत फुलून बी पडेपर्यंत कापतच नाहीत, हेही त्यात होतं. ते वाचून मला पोळ्याचा नियम आठवला.

निसर्ग परत येतो का, हा प्रश्न आमच्या गावात मुद्दाम प्रयोग करून कुणी पाहिलेला नाही. तो आपोआप झाला. ओढ्यापलीकडं दोन भावांचा वाद लागलेला एक तुकडा आहे. कोर्टात तारखांवर तारखा, दोघांपैकी कुणीही तिथं नांगर घालत नाही, आणि तिसऱ्यानं ढोरं घातली तर दोघंही भांडायला एकत्र येतात. कडेनं काटेरी कुंपण आहे, तेही भांडणातूनच झालेलं. नानी मला तिथं घेऊन गेली आणि कुंपणाशी थांबली. आत गवत होतं. कुसळी होती, पण तिच्या मधून मारवेलाचे ठोंब डोकावत होते, आणि एका अंगाला पवन्या, लांबून तांबूस झाक मारणारा. बोरीची चार-दोन झुडपं, पळसाचे फुटवे, सीताफळाची तर दाटी. सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, म्हणून ते उघड्या माळावरही तगतं; बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच डोंगरांच्या जोरावर. मातीत खोकडाचं बीळ होतं, तोंडाशी ताजी माती. “हितं कुणी एक खड्डा खांदला न्हाई बघ,” नानी म्हणाली, “निस्तं राखलं.” कुंपणाच्या अलीकडं, जिथं आम्ही उभ्या होतो, मुरमाशिवाय काही नव्हतं. जमीन तीच, पाऊसही तोच.

2025 च्या सप्टेंबरात या दोन जमिनींमधला फरक गावानं उघड्या डोळ्यांनी पाहिला. त्या पावसानं मराठवाड्यात काय केलं ते मी सांगायला नको. सीना, मांजरा, सिंदफणा, प्रत्येकीनं काठ सोडला, रानंच्या रानं खरडून गेली, खाली खडक उघडा पडला. आमच्याकडंही गायरानाच्या बाजूनं जे पाणी उतरलं ते लाल-तपकिरी, घट्ट, दगडगोटे घेऊन आलेलं. खालच्या शेतांत सोयाबीनवर वीतभर मुरूम येऊन बसला. वादातल्या तुकड्यातून पाणी येत होतंच, एवढ्या पावसात ते थांबणार कसं. पण ते गढुळलेलं नव्हतं आणि सावकाश उतरत होतं. त्या बाजूच्या शेतकऱ्याचा बांध राहिला. पाऊस ओसरल्यावर पारावर हीच चर्चा होती. मला वाटतं, गवताविषयी गावानं गांभीर्यानं बोलायला सुरुवात केली ती तेव्हापासून. कुठल्या अभियानामुळं नाही.

तरीही गायरान राखा म्हणणं सोपं नाही, आणि मराठवाड्यात तर मुळीच नाही. इथं गायरान म्हणजे भूमिहीनाच्या हाताला लागलेली एकमेव जमीन. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले त्यांच्या आठवणी खालच्या आळीत अजून घराघरांत सांगितल्या जातात. तुरुंगात गेलेल्या आजोबांचे फोटो भिंतीवर आहेत. 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय झाला, पण कितीतरी घरांचे कागद आजही झालेले नाहीत. 2022 साली न्यायालयाच्या आदेशावरून अतिक्रमणं काढायच्या नोटिसा निघाल्या तेव्हा त्या आळीत चुली पेटल्या नव्हत्या. आता त्याच गायरानावर सौर प्रकल्पाची मागणी आहे. शेतीला दिवसा वीज मिळणार, पंचायतीला प्रोत्साहनाचे पैसे मिळणार, आणि ते दोन्ही लोकांना हवं आहे. घरकुलांना जागा तिथंच, स्मशानभूमीला तिथंच, झाडांनाही तिथंच. प्रत्येक चांगल्या गोष्टीसाठी गावाला एकच जमीन सुचते, आणि तिच्यावर ज्याचं पोट आहे त्याला सगळ्यात शेवटी कळतं. खालच्या आळीतल्या मावशी दोन एकरांवर बाजरी आणि तूर घेतात, बापापासूनचा कब्जा आहे, सातबारा नाही. त्यांना मी वादातल्या तुकड्यातलं गवत दाखवायला नेलं तर त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, “चांगलं हाय की. गवत राखा, झाडं राखा, समदं राखा. पर आमचं दोन एकर कुणी राखायचं?”

या प्रश्नाला बगल देऊन केलेला कोणताही निसर्गाचा ठराव मला नको आहे.

आणखी एक गोष्ट मला तोवर सुचलीच नव्हती, ती धनगरमामांनी दाखवली. ग्रामसभा वर्षात ठरलेल्या दिवशी होतात: सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट, दोन ऑक्टोबर. पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्यावर खरी चर्चा होते ती साधारण हिवाळ्यात. आणि दसरा-दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. कोयते परत येतात ते शिमग्याच्या पुढंमागं. म्हणजे ज्यांच्या शेळ्या गायरानात चरतात, ज्यांच्या बाया तिथून सरपण आणतात, ज्यांची दोन एकरं तिथं आहेत, ती माणसं आराखड्याच्या सभेला गावातच नसतात. “जानेवारीत हात वर कोण करतं? ज्याचं रानात काम न्हाई ते,” मामा म्हणाले. ते स्वतः मेंढरं घेऊन कार्तिकातच निघून जातात. मग चराईबंदीचा ठराव एकमतानं मंजूर होतो आणि वैशाखात परत आलेल्या माणसाला तो फलकावर वाचायला मिळतो. तो पाळेल कसा? शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची चराईबंदी, कुऱ्हाडबंदी सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ती टिकली, कारण लोकांनी समोरासमोर बसून ती स्वतःवर घालून घेतली. मराठवाड्यातल्याच जालना जिल्ह्यातल्या कडवंचीचं पाणलोटाचं काम 1996 ला सुरू झालं आणि गावानं ते पुढंही सांभाळलं. आज तिथली शेततळी आणि द्राक्षबागा बघायला बसेस भरून माणसं येतात. बघून आलेल्यांनी मात्र बहुतेक वेळा तळ्याचाच फोटो आणला. गावानं काय काय सोडायचं कबूल केलं, हे कुणी विचारून आलं नाही.

म्हणून आम्ही एक मेची सभा धरली. कोयते परतलेले, मेंढरंही माघारी आलेली, पेरणीला अवकाश. शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली आणि या खेपेला खालच्या आळीतल्या बायाही आल्या, नानी पुढाकार घेऊन घरोघर गेली होती म्हणून. बोलणं सरळ झालं नाही. एकानं सौर प्रकल्पाचा विषय काढला, दुसऱ्यानं घरकुलाचा, एका तरुणानं विचारलं की झाडं लावली नाहीत तर गुण कसे मिळणार. अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी ठराव लिहायला घेतला तेव्हा ऊन उतरलं होतं. वरच्या अंगाचं गायरान, एकूण क्षेत्राचा साधारण तिसरा हिस्सा, मृगापासून दिवाळीपर्यंत ढोरांना आणि शेळ्या-मेंढरांना बंद. तिथं खड्डा नाही, चर नाही, पोकलेन नाही. बी पडल्यावर गवत विळ्यानं कापून न्यायचं, ढोर सोडायचं नाही, आणि कापायचा पहिला मान ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही त्या घरांचा. वणवा लागला तर सगळ्यांनी धावायचं. झाडं लावायची तर ओढ्याकाठी आणि घराजवळ, इथल्याच बियांची: हिवर, बोर, लिंब, करंज, पळस. हे क्षेत्र आळीपाळीनं बदलायचं की तेच पाच वर्षं ठेवायचं यावर मामांचं आणि माझं जमलं नाही. मामा म्हणाले, मेंढराला वाट पाहिजे, सलग पाच वर्षं बंद ठेवलं तर पोरं रात्रीची घालतील. त्यांचं बरोबर असावं. तीन वर्षांवर तोडगा निघाला.

मावशींनी मात्र हात वर केला नव्हता. ठराव वाचून झाल्यावर त्या उठल्या आणि म्हणाल्या, आमच्या कब्जातली रानं यातून वगळलीत असं लिहा, गट नंबरासकट लिहा, नाहीतर उद्या ह्याच कागदावर आम्हाला उठवतील. व्हरांड्यात एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, अतिक्रमणाला मान्यता दिल्यासारखं होईल. कुणी म्हणालं, मग इतकी वर्षं काय केलं. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि सरपंचांकडं पाहिलं. सरपंचांनी बराच वेळ घेतला. मग ‘सध्या वहिवाटीत असलेल्या क्षेत्रास हा ठराव लागू नाही’ असं वाक्य आलं आणि खाली गट नंबर, कब्जेदारांची नावं. त्या वाक्यानं कुणाची मालकी सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं आणि मावशींनाही. पण निसर्गासाठी केलेल्या ठरावाचा उपयोग गरिबाला हुसकायला होणार नाही, एवढं गावानं आपल्या हातानं लिहून दिलं. त्यानंतर मावशींनी अंगठा न लावता सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडून.

त्याच सभेत जैवविविधता समिती नव्यानं बसवली. अध्यक्ष आणि सहा जण नेमले. त्यात बाया एक तृतीयांशाहून कमी नकोत, असं नियमातच आहे. आमच्याकडं त्या निम्म्याहून जास्त झाल्या. नोंदवही पुन्हा लिहायची ठरली. शाळेतली पोरं लिहिणार आणि नानी, मामा, मावशी सांगणार. पहिल्याच दिवशी पोरांनी गवताचीच आठ-नऊ नावं उतरवली आणि दोन नावांवरून नानीचं आणि मामांचं भांडण झालं, तेही लिहून ठेवायला सांगितलं.

राखणदाराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाणी आणि स्वच्छतेपलीकडं खर्च करता येत नाही, रोजगार हमीत बसवायचं तर प्रस्ताव तालुक्याला जाऊन यायला हवा, आणि मृग तोंडावर आहे. तोवर घरटी वर्गणी काढावी असं काहींचं म्हणणं, गवताच्या भाऱ्यातून त्याची मजुरी भागवावी असं मामांचं. यावर सोमवारी पारावर बसायचं ठरलंय. मावशींनी आधीच सांगून ठेवलंय, राखणदार खालच्या आळीतलाच पाहिजे, आणि त्याला पगार पैशात पाहिजे, गवतात नको.